गाऱ्हाण्यातला दुसरा बेस

रविवारी सकाळी पावणेदहा वाजता, नांदगावच्या मळ्यात, दाजी गावकरांनी गाऱ्हाण्यात चुकीच्या मुलीचं नाव घेतलं आणि जमलेल्या सगळ्या माणसांनी देवासमोर त्याला होकार दिला. होकार देणाऱ्यांत बाळा परबही होता. जिचं नाव यायला हवं होतं, त्या सृष्टीचा तो बाप.

नांदगावात बेसबॉल आला तो रश्मी मॅडमबरोबर. त्या मूळच्या कुडाळच्या, कॉलेजात असताना हा खेळ खेळलेल्या. भात कापून झालं की मळा मोकळा पडतो. तिथली ढेकळं फोडून, रोलर फिरवून त्यांनी मैदान केलं आणि मुलींना उभं केलं. पहिल्या वर्षी लोक मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून हसले. दुसऱ्या वर्षी आउट कसं होतं ते विचारू लागले. आता तर गावात कुणाला भाताच्या बियाण्याबद्दल मत नसेल एक वेळ, पण दुसऱ्या बेसवर कोणी उभं राहायचं याबद्दल प्रत्येकाला आहे.

वाद दोन मुलींचा होता. सृष्टी दोन वर्षं तिथे उभी होती. तिच्या हातात आलेला चेंडू सुटत नसे. गौरजा मामाकडे शिकायला राहिलेली, धावायला वाऱ्यासारखी, पण डावरी. आणि दुसऱ्या बेसवर डावऱ्या हाताचं काय होतं, ते स्टेशनच्या वाटेवर चहाचं दुकान चालवणारे भाई गिऱ्हाइकाला उभं करून दाखवत.

"ह्यो बघ, ह्यो दुसरो बेस," भाई बिस्किटाची बरणी मधे ठेवत. "चेंडू इलो उजवीकडसून. फेकूचो खंय? डावीकडे, पयल्या बेसार. उजव्या हाताच्या पोरीन घेतलो आणि फेकून मोकळी झाली. डावरीन काय करूचा? तिका आख्खी पाठ फिरवूक व्हयी. तिची पाठ फिरासर ती धावणारी पोरगी पयल्या बेसार पोचान माज्याकडे चाय पियात."

"आणि चायचे पैसे बुडयत," कोणीतरी म्हणे.

"तोंडवलीची असली तर नक्कीच."

बाळा या वादात पडत नसे. त्याला पडायची गरजच नव्हती. मॅडमनी सृष्टीचं नाव पक्कं केलेलं होतं. रविवारचा सामना तोंडवलीच्या मुलींशी होता आणि तो पाहायला राज्याच्या संघासाठी मुली निवडणाऱ्या एक बाई येणार होत्या. या वयोगटातलं सृष्टीचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती कितीही बरी खेळली तरी या संघासाठी कुणी तिच्याकडे बघणार नव्हतं. आणि तिला बघायचं तर दुसऱ्या बेसवरच, कारण दुसरीकडे कुठे ती कधी उभीच राहिली नव्हती. घरात गेला महिनाभर काजूच्या मोहरापेक्षा जास्त बोलणं याच गोष्टीचं होतं.

सामन्याआधी गाऱ्हाणं, म्हणजे गावाने मिळून देवाला साकडं, घालायची पद्धत पहिल्या वर्षापासूनची. दाजी गावचे मानकरी. देवाला मोघम सांगून चालत नाही, असा त्यांचा दंडक. कोण कुठे उभी राहणार, ते नावानिशी सांगायचं, म्हणजे देवाचा गोंधळ होत नाही. मळ्याच्या कोपऱ्यात नारळ हातात धरून ते उभे राहिले.

"हे बा देवा म्हाराजा! आज ह्या तुज्या पोरींनी जो खेळ मांडलेलो आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चेंडू टाकूक उभी आसा ती स्वप्ना, तिच्या हाताक बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पयल्या बेसार उभी आसा ती संचिता, तिची नजर शाबूत ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाळाने छाती भरून श्वास घेतला. पुढचं नाव आपल्या पोरीचं. त्या नावाला आपला आवाज सगळ्यांच्या वर गेला पाहिजे, हे त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं.

"दुसऱ्या बेसार उभी आसा ती गौरजा, तिच्या हातातसून चेंडू सुटू दिव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाळा ओरडला. ठरवल्याप्रमाणे, सगळ्यांच्या वर.

दाजींनी हातातल्या नारळाकडे पाहिलं, जणू तोच बोलला होता. उरलेली नावं त्यांनी हळू आवाजात घेतली. गौरजाचं नाव पुन्हा आलं नाही, सृष्टीचं आलंच नाही. नारळ फुटला, आणि त्याबरोबर माणसांची तोंडंही.

सृष्टीची आई विमला नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुमी व्हय कित्याक म्हटलात?"

"सगळ्यांनी म्हटल्यानी."

"सगळ्यांची पोरगी खेळता काय थंयसर? आणि म्हटलात तां म्हटलात, एवढ्या मोठ्यान? पार टेशनार ऐकाक गेला असतला!"

भाई तावातावाने दाजींकडे गेले. "दाजी, तुमी गौरजाच्या बाजूचे कधीपासून झालात?"

"मी?" दाजींचा चेहरा उतरला होता. "भाई, काल तुज्याच दुकानात बसान मी काय म्हटलंय? सृष्टीच व्हयी म्हटलंय ना? माज्या तोंडात सृष्टीच होती रे. भायर इली ती गौरजा."

आसपासच्या दोघातिघांनी नकळत हात जोडले. दाजी सृष्टीच्या बाजूचे आहेत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस मुद्दाम चुकला असता तर भांडता आलं असतं.

रश्मी मॅडम मैदानातून चालत आल्या. "दाजी, तुमचा मान आहे, पण मी टीम गाऱ्हाण्यावर ठरवत नाही. सृष्टीच दुसऱ्या बेसवर."

"तुमचा बरोबर आसा," दाजी म्हणाले. "पण शब्द गेलो देवाक. तो परत घेवचो तर दुसरो नारळ, आणि क्षमा. आणि ती मी मागान भागाची नाय. ज्येचा नुकसान झाला आणि जो व्हय म्हणालो, तेनाच फुडे येवन म्हणाक व्हया. बाळा, तू म्हण. मी आत्ता परत घालतंय."

सगळे बाळाकडे बघू लागले. विमलाने तोवर कुणाच्या तरी पिशवीतून नारळ काढून त्याच्या हातात दिलाही होता.

बाळा कोपऱ्याकडे निघाला. चूक झाली, माझ्या मुलीचं नाव घ्यायचं होतं, एवढंच म्हणायचं होतं. जाता जाता त्याने मैदानाकडे पाहिलं. सृष्टी दुसऱ्या बेसवर जाऊन उभी होती, बुटाच्या टोकाने माती उकरत. गौरजा कुणी न सांगता लांब उजव्या टोकाला, आपल्या नेहमीच्या जागी, निघून गेली होती. गाऱ्हाण्यात आपलं नाव आलं म्हणून ती कुणाकडे काही मागायला आली नव्हती. ती तिथे एकटी हात वर करून काही नसलेलं झेलत होती, जागच्या जागी पाठ फिरवत होती आणि काही नसलेलं फेकत होती. पुन्हा. पुन्हा. दोन वर्षं बाळा तिला हे करताना बघत आला होता. पोरीला नाद आहे, एवढंच त्याला वाटायचं.

आज त्याने पाहिलं, की त्या फिरण्यात पाय एकदाही अडखळत नाही.

तो दाजींसमोर उभा राहिला. देवासमोरचा आपला आवाज त्याच्या कानात अजून होता. भीती होती, नाही असं नाही. पण नुसती भीती नव्हती.

"काय म्हणतंस?" दाजींनी विचारलं.

"ऱ्हवंदे," बाळा म्हणाला. "व्हय म्हटलंय तां म्हटलंय."

"बाबा!" सृष्टी बेसवरून ओरडली. तिने ग्लव्ह काढून मातीत आपटला.

रश्मी मॅडमनी मातीतल्या ग्लव्हकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "गाऱ्हाण्यासाठी नाही हं, हे लक्षात ठेवा. पण आता सृष्टी तिथे उभी राहिली आणि एक चेंडू सुटला, तर गाव तिला जन्मभर ऐकवेल." त्यांनी हाक मारली, "गौरजा, दुसऱ्या बेसवर ये. सृष्टी, तू शॉर्टस्टॉपला." शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा. तिथल्या मुलीला त्यांनी उजव्या टोकाला पाठवलं.

सृष्टीने ग्लव्ह उचलला. बापाकडे तिने पाहिलं नाही, गौरजाकडेही नाही. निवड करणाऱ्या बाई तोवर पांढरी टोपी घालून मेरेवर येऊन बसल्या होत्या.

सामना फार बरा झाला असं नाही. दोन्हीकडच्या मुली घाबरल्या होत्या. गौरजाच्या वाट्याला पहिल्या पाच इनिंगमध्ये दोनच सोपे चेंडू आले. सृष्टीने नव्या जागेवर एक सोडला, तेव्हा तोंडवलीकर माडाच्या झावळ्या हलवून नाचले.

"गो चेडवा, काजी वेचूक जा!" त्यांच्यातला एक ओरडला.

"तुमी सुंगटा सोला आदी!" समुद्रकाठच्या तोंडवलीला कोळंबी सोलायला सांगत विमलाने तिथूनच उत्तर दिलं. नवऱ्याशी मात्र ती बोलत नव्हती.

शेवटची इनिंग सुरू झाली तेव्हा नांदगाव एका धावेने पुढे होतं. तोंडवलीची एक मुलगी आउट झाली होती; तीन झाल्या की खेळ संपणार होता. एक पहिल्या बेसवर, एक तिसऱ्यावर. तिसऱ्यावरची घरी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, पोचली की बरोबरी. ती थांबवायची तर एकाच चेंडूवर दोघींना आउट करायला हवं होतं, आणि नांदगावच्या मुलींना ते सामन्यात कधी जमलं नव्हतं.

स्वप्नाने चेंडू टाकला. तोंडवलीच्या मुलीने तो जमिनीवरून मारला. एका ढेकळावर तो वेडावाकडा उडाला आणि सृष्टीच्या उजव्या अंगाने निघाला. सृष्टी त्याच्यावर पडलीच. उठायला वेळ नव्हता. गुडघ्यावरूनच तिने चेंडू दुसऱ्या बेसकडे सोडला.

बेसवर कुणी नव्हतं.

बाळाने ते स्वच्छ पाहिलं. चेंडू रिकाम्या जागेकडे निघाला होता. सकाळपासून जिच्याकडे सृष्टीने एकदाही मान वळवली नव्हती, ती तिथे असेल असं धरून तिने तो सोडला होता. आणि चेंडू पोचला तेव्हा गौरजा होती. कुठून आली, ते मेरेवरचं कुणी नंतर सांगू शकलं नाही. उजव्या हातातल्या ग्लव्हमध्ये चेंडू आला, पाय बेसला लागला, एक आउट, आणि ती फिरली. पाठ फलंदाजाकडे, तोंड काजूच्या बागेकडे. फिरण्याला सुरुवात आणि शेवट असा दिसलाच नाही. दशावतारात राजा गिरकी घेतो तेव्हा त्याचा झगा क्षणभर हवेत गोल उभा राहतो. तसं काहीतरी त्या पोरीभोवती उभं राहिलं, आणि त्याच्या आतून चेंडू बाहेर आला. ती पहिल्या बेसकडे बघतसुद्धा नव्हती. संचिताच्या ग्लव्हमध्ये आवाज झाला. धावणाऱ्या मुलीचं पाऊल त्यानंतर पडलं.

पंचांनी हात वर केला. सामना संपला होता. कुणी ओरडलं नाही. तोंडवलीच्या झावळ्यासुद्धा हलायच्या थांबल्या. एवढी माणसं मेरेवर होती, आणि काजूच्या झाडांतल्या माश्यांची गुणगुण ऐकू येत होती.

बाळा उभा होता. आपण कधी उठलो ते त्याला माहीत नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला होता, आणि तो कोणत्या मुलीसाठी, ते त्याला वेगळं करता येईना. गुडघ्यावरून सुटलेला चेंडू आणि ती गिरकी, दोन्ही त्याला एकच दिसत होतं.

"भाई," शेवटी दाजी म्हणाले, "चाय थंड झाली रे तुजी."

भाई मान हलवत राहिले. "पाठ फिरवल्यान," ते म्हणाले. "पाठ फिरवल्यान, बघलास? माका चाळीस वर्सा दशावतार बघान कळाक नाय, पाठ फिरवतत ती कशाक."

मग आरडाओरडा झाला. मैदानात मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. सृष्टी त्यांच्यात होती. गौरजाने तिचा खांदा धरला तेव्हा तिने तो सोडवून घेतला नाही. विमला रडत होती. "आमच्या चेडवान दिलो चेंडू," ती प्रत्येकाला सांगत होती. "आदी आमच्या चेडवान दिलो."

पांढऱ्या टोपीच्या बाई मेरेवरून उतरून रश्मी मॅडमकडे आल्या. बाळा जवळच होता. त्याने ऐकलं.

"ती दुसऱ्या बेसवरची नेहमी तिथेच खेळते?"

"आज पहिल्यांदा उभी राहिली."

"आणि शॉर्टस्टॉपची?"

"तीही तिथे पहिल्यांदाच."

बाई वळल्या. रिकाम्या होत चाललेल्या मैदानाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग टोपी काढली, घाम पुसला आणि कुडाळच्या गाडीत जाऊन बसल्या.

दुपारी जेवताना सृष्टीने ताट उचललं आणि ती मागच्या पडवीत जाऊन बसली. बाळा मागोमाग गेला. ती बोलेल म्हणून थोडा वेळ उंबऱ्यावर थांबला.

"तिकडे कोणच नाय होता," तो म्हणाला. "चेंडू कसो सोडलंस?"

सृष्टीने घास घेतला, चावला, गिळला.

मंगळवारी संध्याकाळी रश्मी मॅडमना फोन आला. नांदगावची एक मुलगी राज्याच्या संघात घेतली आहे, नाव नंतर कळवतो, एवढंच सांगितलं. मॅडमनी दोन्ही घरी जाऊन तेवढंच सांगितलं. आज शुक्रवार. नाव आलेलं नाही. दोन्ही मुली रोज मळ्यात जातात, आणि सृष्टी बापाशी अजून बोललेली नाही.