बेवड्याची विहीर

त्या जपानी मालिकेचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. माझी नातसून वैष्णवी दुपारी तुरीच्या शेंगा सोलताना ती टीव्हीवर लावायची, म्हणून मीही पाहू लागले. चित्रांची असली तरी ती मुलांसाठी नव्हे, रक्त फार. दोषही पुष्कळ. चौथ्या भागापासून सातव्यापर्यंत नुसती पळापळ, हिंदीत म्हाताऱ्याला आणि फौजदाराला एकच आवाज, आणि पोरीला बर्फातसुद्धा आखूड कपडे. तरी बाराही भाग पाहावेत, असंच मी सांगेन. त्यात एक शहर आहे. तिथे माणूस मेलं की एक यंत्र त्याला सगळ्यांच्या आठवणीतून पुसून टाकतं, म्हणजे रडण्यात कुणाचा कामाचा दिवस बुडत नाही. एका पोरीला मात्र तिचा मेलेला भाऊ आठवत राहतो.

माझा भाऊ देवानंद एकोणीस वर्षांचा होता. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तो हिंमतरावाच्या विहिरीवर खोदायला जायचा. खडक फोडायला सुरुंगाचा बार लावत. वात पेटवणाऱ्याने काठावरून तीनदा ‘बार!’ असं ओरडायचं, खालचा माणूस वर आलेला डोळ्यांनी पाहायचा आणि मगच काडी ओढायची, अशी रीत. त्या दिवशी वात हिंमतराव स्वतः पेटवणार होता, आणि त्याला खामगावला लग्नाला जायची घाई होती. मी चौदा वर्षांची, भावाची भाकर घेऊन बांधावर पोचले होते. हाक मी ऐकली नाही. बार ऐकला.

संध्याकाळी हिंमतरावाने पारावर सांगितलं, पोरगा दारू पिऊन खालीच झोपला होता. देवानंदने दारूचा थेंब कधी घेतला नव्हता. मी ओरडून सांगितलं, पण चौदा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतं? पुढच्याच वर्षी मला डोणगावला दिली, आणि माहेरचं येणंजाणं तुटलं.

पन्नास वर्षांनी नातवाची बदली पिंपळगाव राजाला झाली आणि आम्ही तिथून चार किलोमीटरवर, माझ्याच माहेरच्या गावात घर केलं. पहिल्याच दिवशी ऑटोवाल्याने विचारलं, “आजी, बेवड्याच्या विहिरीपाशी उतरता का?” तेव्हा मला कळलं की गावाने माझ्या भावाचं काय जपून ठेवलंय.

मालिकेचा शेवटचा भाग आला. यंत्राच्या मालकाने स्वतःचीच आठवण पुसून टाकलेली. तो तळ्यातल्या माशांना दाणे टाकत हसतोय. पोरीने बंदूक रोखली आणि खाली केली.

“संपलं,” वैष्णवी म्हणाली. “केलं माफ तिनं.”

“काऊन केलं?”

“त्याले आता काई आठवतच नाई ना, आजी.”

“मग आठवून द्याव ना त्याले! हात तुटले होते का तिचे?”

वैष्णवी हसत सुटली. मला हसू आलं नाही. साऱ्या मालिकेतला तोच मोठा दोष.

आठवड्याभरात हिंमतरावाची सून अन्नपूर्णा घरी आली. “आत्या, आमचे मामाजी आता कोनाले वळखत नाई. डॉक्टर म्हने, जुन्या गोष्टी काढत जा त्याईच्या पुढे. तुमी त्या काळातल्या. येत जा ना घडीभर.”

“येते ना,” मी म्हणाले.

हिंमतराव अंगणात खाटेवर बसलेला असे. पंच्याऐंशी वर्षांचा, नखं कापलेली, सदरा धुतलेला. अन्नपूर्णा चहा ठेवायला आत गेली की मी खाली वाकून सांगायची, “तुमी हाक नव्हती मारली. खाली देवानंद होता.”

त्याचे ओठ हलायचे. “मेला का?”

“मेला.”

मग तो रडायचा. चहा येईपर्यंत विसरायचा आणि बिस्किटासाठी हात पुढे करायचा. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जायची. अकरा दिवस गेले. मला गोड लागत होतं, खोटं कशाला सांगू?

बाराव्या दिवशी त्याचा मुलगा गजेंद्र अंगणातच फवारणीचा पंप उघडून बसला होता. मी आवाज खाली आणला नाही.

“हाक काऊन नाई मारली हो, हिंमतराव?”

“टाइम कुठी होता, बाई,” म्हातारा लगेच म्हणाला. “वरात निघून राह्यली होती. मले वाटलं, पोट्टा वर आला असन.”

“अन् दारू?”

“ते म्या सांगतलं. नाई त पोलीस मलेच नेत.”

गजेंद्रने हातातला पाना खाली ठेवला. मी निघाले तर तो फाटकापर्यंत मागे आला.

“आत्या, त्याईले आता काई समजत नाई. रोज रोज रडवू नका.”

“रोज कुठी? त्याच्यासाठी पहिलीच खेप असते.”

“काय पायजे तुमाले?”

“तुह्या बापानं पारावर सांगतलं होतं. तू बी पारावरच सांग.”

त्याने सांगितलं. रविवारी, माणसं जमलेली असताना, हात जोडून, एकही शब्द न गाळता. ‘बेवड्याची विहीर’ हे नाव आयुष्यभर घेत आलेला म्हातारा गोविंदा जमिनीकडे पाहत म्हणाला, “मंग आता त्या विहिरीले म्हनाव काय?”

“देवानंदची म्हना,” गजेंद्र म्हणाला.

त्या रात्री मला वाटलं, भागलं. सकाळी उठले तर भागलेलं नव्हतं.

सोमवारी मी पुन्हा गेले. अन्नपूर्णा मला पाहून आत निघून गेली. चहाचं भांडं वाजलं नाही. गजेंद्र फाटकात उभा राहिला.

“आत्या, सांगतलं ना म्या साऱ्या गावाले.”

“गावानं ऐकलं. तुह्या बापानं आज अजून नाई ऐकलं.”

त्याने फाटकावरचा हात काढला. मग बाजूला झाला.

खाटेवरून म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. “कोन व्हय, बाई?”

“देवानंदची बहीन.”

“कोन देवानंद?”

मी त्याच्या पायाशी बसले, पदर नीट केला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.