दहापैकी दहा

बाई शेजारच्या देशात आल्या होत्या त्या पाटी लावायला. त्यांच्या संस्थेने दोन वर्षं इथल्या डोंगराळ प्रांतातल्या सरकारी प्रयोगशाळेला हात दिला होता. जंतू ओळखणारं यंत्र पाठवलं, माणसं शिकवली, भिंतीवर लावायचे तक्ते छापून दिले. दर सहा महिन्यांनी दहा बंद नळ्यांची पेटी यायची. कुठल्या नळीत कुठला जंतू आहे, हे इथल्यांनी ओळखून कळवायचं. अशा चार परीक्षा झाल्या आणि चारही वेळा दहापैकी दहा! आता मान्यतेची पाटी लावायची, फोटो काढायचा आणि परत फिरायचं. निवृत्तीला चार महिने उरले असताना असा दौरा मिळणं म्हणजे दुधात साखरच.

प्रयोगशाळेची जी प्रमुख होती, तिला सगळे भिंगवाली म्हणत. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची, त्यावरून पडलेलं नाव. सहा महिने ती बाईंच्या हाताखाली शिकून गेली होती, त्यामुळे त्यांची भाषाही तिला चांगली यायची. दारातच तिने बाईंचे दोन्ही हात धरले.

"बाई, किती वाळलात! जेवता की नाही?"

"तू मात्र होतीस तशीच आहेस. चल, आधी आपलं यंत्र दाखव."

भिंगवालीचा चेहरा पडला. ती बाईंना मागच्या खोलीत घेऊन गेली. यंत्र तिथे होतं, पण प्लास्टिकच्या वेष्टनात, चिकटपट्ट्यांसकट. त्याच्यावर रिकामी खोकी रचलेली.

"अगं, हे उघडलंच नाही?"

"आमची वीज लपंडाव खेळते, बाई. तिला सांभाळणारं उपकरण मागून येणार होतं, ते आलंच नाही. मी नऊ पत्रं पाठवली."

"मग परीक्षा कशा दिल्यास?"

"हातानेच. तुम्ही शिकवलंत तसं. जंतू थाळीत वाढवायचे, काचेवर रंगवायचे, भिंगाखाली बघायचे."

हाताने, आणि चारही वेळा दहापैकी दहा? बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पस्तीस वर्षं याच कामात गेली होती, पण त्यांना स्वतःला हे जमलं नसतं. म्हणजे पोरीने कुठून तरी उत्तरं मिळवली. हीच ती पोर, जी एक थेंब इकडेतिकडे झाला तर सगळा प्रयोग पुन्हा करायची.

"बाई, एक सांगायचं होतं," भिंगवाली चाचरत म्हणाली. "पण देणाऱ्याचं उणं काढल्यासारखं होतं, म्हणून जीभ रेटत नाही."

तिने कपाटाचं कुलूप काढलं आणि चार लिफाफे टेबलावर ठेवले. चारही चिकटवलेले, एकही फोडलेला नाही. वर लिहिलं होतं, 'उत्तरं. फक्त प्रमुखांसाठी.'

"दर पेटीत तुमच्याकडून चुकून येतो एक. मी दोनदा कळवलंसुद्धा. इथे कुणाला हात लावू दिला नाही. उत्तरं बघून दिली तर ती परीक्षा कसली?"

बाईंनी अक्षर ओळखलं. ते धाकट्या साहेबांचं होतं, त्यांच्या संस्थेच्या उपसंचालकांचं. या मुलाला नळीतला थेंब मोजायला बाईंनीच शिकवलं होतं. लिफाफ्यावरच्या एकेका अक्षरावरून त्यांची नजर फिरत राहिली. हे चुकून होत नाही. चार वेळा तर नाहीच. आणि घटकाभरापूर्वी आपण चोर कुणाला ठरवत होतो?

"तुझ्या उत्तरांच्या नकला आहेत?"

"आहेत की, या वहीत!"

बाईंनी पहिला लिफाफा टरकन फाडला आणि वही शेजारी ठेवून ताडून पाहायला लागल्या. आठ बरोबर. सहावं आणि नववं चूक. दुसरा लिफाफा फाडला. पुन्हा आठच बरोबर. चारही वेळा तेच, आणि चुकलेली जोडीही तीच. घटसर्पाच्या जंतूला निरुपद्रवी म्हटलेलं आणि त्याच्या निरुपद्रवी भावंडाला घटसर्प.

"असं कसं? आम्हाला तर दहापैकी दहा होते," भिंगवाली म्हणाली. चौकटीतली चार प्रमाणपत्रं तिच्या मागच्या भिंतीवर ओळीने टांगलेली होती.

"नव्हते. आठ होते. कुणीतरी दहा लिहिले."

"आणि मला सांगितलं नाही? कुठे चुकलं ते कळायला हवं म्हणून तर परीक्षा देतो ना आपण?"

बाईंनी वही मिटली. "या दोघांतला फरक तू कशावरून ओळखतेस?" त्यांनी विचारलं.

भिंगवालीने सूक्ष्मदर्शकामागच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. बाईंनी चष्मा पुसला आणि जवळ गेल्या. चित्रं अगदी स्पष्ट होती. फक्त शेवटच्या दोन चित्रांखालची नावं एकमेकांच्या जागी छापली गेली होती. तक्त्याच्या कोपऱ्यात 'तपासले' असं होतं आणि पुढे सही. बाईंची.

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा सही वाचली. असे तक्ते त्या वर्षी त्यांनी चाळीस तरी तपासले असतील, चहा पिता पिता.

"बाई? बसा बरं आधी."

"नावं उलटी छापलीत. आम्हीच छापली. खाली सही माझी आहे."

भिंगवालीला अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. मग ती होती तिथेच जमिनीवर बसली. घटसर्प म्हणजे घशात राखाडी पडदा धरतो आणि पोराचा श्वास कोंडतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"म्हणजे ज्यांना मी साधा घसा म्हणून मिठाच्या गुळण्या करायला घरी पाठवलं..." तिने कपाटाकडे पाहिलं. "आणि उत्तर माझ्याच कपाटात होतं. पहिल्याच लिफाफ्यात. मी फोडला असता तर?"

"तू केलंस ते बरोबरच केलंस," बाई म्हणाल्या. पण ते वाक्य त्यांच्या स्वतःच्याच कानाला पोकळ लागलं. त्यांनी स्वतःला सावरलं. "ऊठ. या आठवड्यातले घशाचे नमुने काढ. आत्ता."

सात काचा निघाल्या. तिसऱ्या काचेवर बाई थांबल्या. टोकाला गडद ठिपके असलेल्या काड्या, आडव्यातिडव्या पडलेल्या. शंकेला जागाच नव्हती. वही सांगत होती, सहा वर्षांची मुलगी, समोरच्याच रुग्णालयात, निष्कर्ष साधा घसा. दोघी अंगण ओलांडून अक्षरशः धावत सुटल्या. डॉक्टरांनी मुलीचा घसा पुन्हा पाहिला, वर काही न विचारता शीतपेटीतून घटसर्पावरचा उतारा मागवला आणि तिला वेगळ्या खोलीत हलवलं. चौथ्या दिवशी ती पोर आईकडे खायला मागू लागली.

मुलीला हलवलं त्याच दुपारी बाईंनी धाकट्या साहेबांना फोन लावला.

"बाई, समजून घ्या," धाकटे साहेब म्हणाले. "आठ कळवले असते तर वरचे म्हणाले असते, पैसा वाया गेला. कार्यक्रम बंद पडला असता. त्यांच्या भल्यासाठीच केलं मी. म्हणून तर उत्तरं पाठवत होतो, तर त्यांनी ती वापरलीसुद्धा नाहीत!"

"अरे, तक्ता चुकलाय आपला. आठ कळवले असतेस तर पहिल्याच वेळी कळलं असतं."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. "हे कुठे लिहिलं नाही ना तुम्ही अजून?"

"लिहायलाच बसतेय. पहिलं नाव माझंच आहे, दुसरं तुझं."

बाई आठ दिवसांसाठी आल्या होत्या, पाच आठवडे राहिल्या. दोघींनी दोन वर्षांच्या काचा पुन्हा पाहिल्या, साठवलेले जंतू पुन्हा वाढवून खात्री केली. साधा घसा म्हणून घरी पाठवलेल्यांपैकी तेवीस जणांना घटसर्प होता. त्यांतली चार मुलं गेली होती. तक्ता आणखी सहा देशांत गेला होता. तिथे सगळीकडे तातडीने कळवलं गेलं आणि दोन ठिकाणांहून उलट उत्तर आलं की, होय, आमच्याकडेही. ते वाचून बाईंनी कागद टेबलावर उपडा ठेवला. धाकट्या साहेबांना पदावरून दूर केलं. बाईंवर ठपका आला आणि त्यांनी तो मुकाट्याने घेतला. वीज सांभाळणारं उपकरण मात्र एका आठवड्यात येऊन पोचलं.

लसीकरणाची गाडी डोंगरात निघाली तेव्हा भिंगवाली म्हणाली, "त्या चार घरी मी स्वतः जाणार." बाईही निघाल्या.

पहिलं घर एका सुताराचं होतं. भिंगवालीने उभ्याउभ्याच झालेली चूक सांगितली, तिथल्या भाषेत, मान खाली न घालता. सुताराच्या हातातला रंधा हलायचा थांबला. त्याने लाकडावरचे छिलके हाताने झाडले. मग बाईंकडे हात करून त्याने काहीतरी विचारलं.

"काय म्हणाले?"

"विचारतायत, या कोण?"

"सांग," बाई म्हणाल्या, "तो तक्ता यांनी तपासला होता, म्हणावं."

भिंगवालीने सांगितलं. सुतार उठला आणि आत गेला. आता हा काय घेऊन बाहेर येतो, म्हणून बाई दारापासून एक पाऊल मागे सरल्या. तो आला तेव्हा त्याच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी होती, झोपेतून उठवलेली, किरकिरणारी. त्याने बाईंकडे पाहिलं नाही. मुलीची बाही वर सारली आणि लसीकरणाच्या गाडीतून आलेल्या परिचारिकेसमोर तो दंड धरून उभा राहिला.