टाचण्या तोंडात धरणारा नेमबाज

शिंपीदादांनी पन्नाशी उलटल्यावर नेमबाजीची रायफल घेतली आणि गल्लीला आयताच विषय मिळाला. "काय दादा, आता मापं लांबूनच घेणार का?" असं न्हावी विचारायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. दादा मनावर घेत नसत. जन्मभर सुईच्या नेढ्यात दोरा ओवलेल्या माणसाला लांबच्या काळ्या ठिपक्याची भुरळ पडली, यात नवल ते काय?

घरात मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं. नात नुकती रांगायला लागली होती आणि मुलगी तिला घेऊन सारखी यायची. परवाना हातात पडला त्याच दिवशी बायकोने बजावलं, "हौस करा, माझी ना नाही. पण एक जरी हलगर्जीपणा माझ्या कानावर आला ना, तर ती वस्तू या घरात राहणार नाही. मग रुसा नाहीतर फुगा."

दादांनी लोखंडी कपाट भिंतीत पक्कं बसवून घेतलं. रायफल त्यात, गोळ्या दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या त्यांनी कौतुकाने बायकोपुढे धरल्या, तर तिने हातसुद्धा लावला नाही. "तुमची हौस, तुमच्या किल्ल्या." हे दादांना फार लागलं.

नेमबाजीच्या मैदानावर शिकवायला एक बाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून वर्गातलाच. पहिले काही आठवडे त्यांनी गोळी झाडूच दिली नाही. नळी कायम निशाणाकडे, बोट चापापासून लांब, हेच चाललं होतं. "रिकामी आहे" हे शब्द तर त्यांना अजिबात खपत नसत. "सांगू नका, उघडून दाखवा!" दादा उघडून दाखवायचे, बाई वाकून बघायच्या आणि पुन्हा दादांना बघायला लावायच्या. बाकीचे कंटाळायचे, दादांना मात्र हे मनापासून पटलं. दोनदा मापून एकदा कापायचं, हे त्यांच्या हाडीमांसी मुरलेलं होतं.

अखेर तो दिवस उजाडला. दादांनी पहिली गोळी झाडली. ठिपक्याला नाही, पण कागदाला लागली! आनंद पोटात मावेना. त्याच भरात पुढची गोळी भरायला हात मोकळा हवा म्हणून उरलेल्या गोळ्या त्यांनी ओठांत धरल्या. टाचण्या धरतात तशा.

"थांबा!" बाई कडाडल्या. "रायफल उघडा, खाली ठेवा, आणि तोंडातलं बाहेर काढा! अहो, शिसं आहे ते, खाऊ नाही!"

दादांनी निमूटपणे रायफल उघडून, नळी निशाणाकडेच ठेवून खाली ठेवली आणि एकेक गोळी तळहातावर काढली. बाईंनी त्यांना चूळ भरायला आणि साबणाने हात धुवायला पिटाळलं. शेजारचे नेमबाज हसून बेजार झाले.

घरी सांगायची तशी काहीच गरज नव्हती. बायकोला सांगणारं तिथे कोण होतं? पण रस्ताभर दादांना चैन पडेना. लपवलं तर रायफल राहील, पण हिच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा? गेली रायफल तर गेली, असं ठरवून ते स्वयंपाकघरात शिरले आणि सगळं सांगून टाकलं.

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तोंडात?"

"तोंडात."

"लग्न झाल्यापासून मी काय कोकलतेय? टाचण्या तोंडात धरू नका म्हणून! माझं ऐकाल तर शपथ!" आणि बोलता बोलता तिला असं हसू फुटलं की तिने पदराने डोळे पुसले.

"मग... रायफल?" दादांनी घाबरत विचारलं.

"राहू दे. चुका तुम्ही करणार, हे मला ठाऊकच होतं. येऊन सांगाल का, एवढंच ठाऊक नव्हतं." तिने हात पुढे केला. "गोळ्यांच्या कुलपाची किल्ली आणा इकडे."

पुढच्या वेळी दादा निघाले तेव्हा तिने त्यांच्या हातात एक कापडी बटवा कोंबला. "गोळ्या यात ठेवायच्या. तोंडात नाही."

बटवा तिने स्वतः शिवला होता. टाके वाकडेतिकडे, एका बाजूला चुणी, नाडी आखूड. दादांनी तो उलटा केला, सुलटा केला. दुसऱ्या कुणाचा असता तर उभ्या उभ्या उसवला असता.

"फक्कड झालाय," ते म्हणाले, आणि तो तसाच वरच्या खिशात ठेवून मैदानाकडे निघाले.