माळावरची फळझाडं

"वहिनी, तुमची तुती उपटली मी. शोधत बसू नका!"

दिरानं बांधावरूनच ओरडून सांगितलं. थोरलीनं खांद्यावरची घागर खाली टेकवली. माळाच्या त्या तुकड्यात तिनं उन्हाळाभर खड्डे खणले होते. मुरूम असा कडक, की पहार आपटली की ठिणगी उडायची. बोरी लावल्या, अंजीर लावले, तुती लावल्या, कडेनं करवंदीच्या जाळ्या केल्या. ओढ्यातलं पाणी खांद्यावरून आणून एकेक रोप जगवलं होतं. त्यातलंच एक मुळासकट उन्हात पडलं होतं.

"का उपटली, भावजी?"

"का म्हणजे? रानाच्या तोंडाशी फळं लावताय. हरणांना आवतण धाडताय होय? खाली माझा हरभरा आहे!"

"म्हणूनच लावतेय. वरच पोट भरलं तर खाली कशाला उतरतील ती?"

"वा! कुत्र्याला उंबऱ्यावर तुकडा टाकायचा आणि वर त्यालाच सांगायचं, बाबा रे, घरात येऊ नको. असं असतंय होय?"

 थोरलीचा नवरा हरणांमागं धावता धावताच गेला होता. दिवेलागणीला पत्र्याचा डबा बडवत शेतात गेला, अंधुक उजेडात पडकी विहीर दिसली नाही, आणि माणसांनी त्याला बाजेवर घालून घरी आणला. तेव्हापासून तिच्या मनानं एकच घेतलं होतं, की या घरातलं माणूस पुन्हा हरणामागं पळता कामा नये. पण हे दिराला सांगायचं कसं? भावाचं नाव काढलं की तो एक तर रडायचा, नाही तर अंगावर यायचा.

ती वाकली. रोपाच्या मुळांना चिखल थापला आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते त्याच खड्ड्यात पुन्हा लावलं.

"पुन्हा उपटीन!"

"मी पुन्हा लावीन. बघू कोण आधी दमतंय."

दीर काही दमला नाही, पण त्याला दुसरीही कामं होती.

झाडं वाढली. बोरींनी अंग धरलं, जाळ्या दाट झाल्या, आणि पहिला बहर लागला तशी हरणं यायला लागली. बाजूच्या घळीतून यायची, कान टवकारून उभी राहायची, मग बोरांवर तुटून पडायची. थोरली लांबून बघायची. त्या साली खालचा हरभरा जवळजवळ सगळा हाती लागला. दिरानं त्याचं श्रेय आपल्या बुजगावण्याला दिलं. तिनंही देऊ दिलं.

यंदा मात्र पावसानं दगा दिला. बोरं धरली ती विरळ, आणि रान सुकल्यामुळं कळप आला तो दुप्पट. दोन-चार हरणं खाली उतरली, हरभऱ्याचा एक कोपरा कुरतडून गेली. दिराचं टाळकं सरकलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना धाकटी जाऊ धापा टाकत थोरलीच्या दारात आली.

"अक्का, त्या मिचक्याला बोलावलंय यांनी. बंदूक घेऊन आलाय. तुमच्या माळावर बसणार आहेत दोघं. हे म्हणाले, वहिनीला अजिबात कळू देऊ नको. म्हणून तशीच पळत आले सांगायला."

मिचक्या म्हणजे पलीकडच्या वस्तीवरचा शिकारी. नेम धरून धरून त्याचा एक डोळा बोलतानाही मिटलेलाच असायचा.

थोरलीनं जुनं मातकट कांबळं अंगावर ओढलं आणि माळाची वाट धरली. भांडून उपयोग नव्हता. आपण झाडांत जाऊन बसायचं, म्हणजे आपल्याला बघून बंदूक खाली होईल, एवढाच तिचा हिशेब.

ती जाळीला टेकून बसली. पण आभाळ भरून आलं होतं. सूर्य बुडायच्या आधीच उजेड गेला आणि तिचा हिशेब चुकला. रानाच्या बाजूच्या दगडांआड दोघं येऊन बसल्याचं तिला आवाजावरून कळलं. तिला मात्र त्यांनी पाहिलंच नव्हतं.

हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात घळीतून हरणं वर आली. पुढं एक म्हातारी हरिणी. थोरलीच्या अंगाचा वास तिला रोजचा होता. हातभर अंतरावर येऊन ती खाली पडलेली बोरं वेचू लागली. तिचा श्वास ऐकू येत होता.

दगडांआड खट्‌कन काहीतरी वाजलं.

"ती पुढची घे," दिराची कुजबुज आली.

"थांबा. जाळीपाशी एक बसलेलं आहे, बघा. चांगलं दांडगं आहे. आधी तेच घेतो."

 जाळीपाशी थोरलीशिवाय दुसरं कोणी बसलेलं नव्हतंच.  हलावं तर मिचक्या हललेल्यावरच बार टाकणार.  शेवटी सगळा जीव एकवटून ती ओरडली,

"भावजी!"

बार झालाच. पण त्याच क्षणी दिरानं नळीखाली हात घालून ती वर उडवली होती. गोळी आभाळात गेली. रानाच्या बाजूनं आवाज आला म्हणून अख्खा कळप उलटा फिरला आणि उतारावरून धाडधाड खाली सुटला.

दीर धडपडत तिच्यापर्यंत आला. कांबळं बाजूला करून त्यानं तिचे खांदे चाचपले, हात चाचपले, आणि मग तिथंच मुरमात बसकण मारली.

"लागलं नाही ना? वहिनी, खरं सांगा, लागलं नाही ना?"

"नाही."

"अहो, काय वेड लागलंय का तुम्हाला? दादा गेला तशा तुम्हीही... माझ्याच समोर..." 

"हरणांपायी एक माणूस गेलंय या घरातलं," थोरली म्हणाली.  "दुसरं जायला नको. उद्या तुम्हीच डबा घेऊन पळाल अंधारातून. म्हणून लावली ही झाडं. तुमच्यासाठी."

"आधी सांगायचं ना मग!"

"ऐकलं असतंत?"

दिरानं नाकावरून हात फिरवला. "नसतं ऐकलं."

मिचक्या बंदूक खांद्याला अडकवून बाजूला उभा होता. त्याचे दोन्ही डोळे सताड उघडे होते. कोणी जा म्हणायच्या आतच तो गेला.

एवढ्यात खालून धाकटीची किंकाळी आली, "अहो! कळप हरभऱ्यातून गेला! पार लोळवलं हो सगळं!"

सकाळी तिघं जण वाफ्यांत वाकली होती. निम्मा हरभरा आडवा झालेला. खुरांनी माती उकरलेली, हरभऱ्याचे घाटे ढेकळांत रुतलेले. उभी राहतील ती झाडं उभी करायची, मोडलेली गुरांना काढायची, असं चाललं होतं. जाता-येता माणसं बांधावर थांबत होती. शेजारचा सुतार तर हातातला रंधा घेऊनच आला.

"अरेरे! हरणांनी खाल्ला वाटतं सगळा?"

"नाही," दीर म्हणाला. "घाट्याला तोंडसुद्धा लावलं नाही."

"मग हे असं कसं?"

"घाबरून पळाली इकडून."

"कोणत्या गाढवानं हाकलली इकडं?"

धाकटीनं तोंडाला पदर लावला. थोरली माती झटकत उभी राहिली आणि दिराकडं बघू लागली. त्यानं हरभऱ्याचा एक आडवा पडलेला ढाळा उचलला, मुळापाशी माती दाबली, आणि मान वर न करता म्हणाला,

"मीच."