बिनविरोध आलेलं यंत्र

मी विमानतळावरचं बॅगा तपासणारं यंत्र बोलतोय. घाईघाईनं घड्याळ, पाकीट, लॅपटॉप ज्याच्या सरकत्या पट्ट्यावर टाकता आणि पलीकडून उचलून पळता, तो मीच. तुम्ही माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही, पण मी तुम्हाला आतून ओळखतो. चार दिवसांच्या सहलीला सहा जोड चपला नेणारे तुम्ही. "काही राहिलं नाही ना?" असं तीनदा विचारून चार्जर घरी विसरणारेही तुम्हीच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रंग पिस्ता, अंग भक्कम, आवाज जवळजवळ नाहीच. दिसायला मी देखणा आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तिथून नमुना म्हणून मला इथे आणलं. माझ्याबरोबर कंपनीचा विक्रेता होता. त्याची जीभ इतकी गोड की इथल्या लोकांनी त्याचं नावच 'गुळपापडी' ठेवलं.

गुळपापडीनं मोठ्या साहेबांसमोर माझं काम दाखवलं. हुशार माणूस! प्रत्येक बॅग तो पट्ट्याच्या अगदी मधोमध ठेवायचा. पडद्यावर कात्री दिसली, चाकू दिसला, पाण्याची बाटली दिसली. साहेब खूश झाले. टेंडर काढायचं, चार कंपन्या बोलवायच्या, सगळी यंत्रं शेजारी शेजारी लावून पारखायची, ही भानगड त्यांना नकोच होती. "तातडीची गरज आहे," ते म्हणाले, "आणि असं यंत्र दुसरं कुणी बनवतच नाही, तसं लिहून टाका."

कार्यालयातल्या कारकुनाला गरजेचा कागद तयार करायला सांगितलं. आपल्याला काय हवं, ते त्यात लिहायचं असतं. त्यानं काय करावं? तो वही घेऊन माझ्यासमोर बसला आणि मला बघून त्यानं सगळं उतरवून काढलं. लांबी, रुंदी, रंग पिस्ता. शेवटी माझ्या पाठीवरच्या पत्र्यावर कोरलेला क्रमांकही त्यानं इमानेइतबारे लिहिला. म्हणजे हवं ते यंत्र याच क्रमांकाचं! त्यावर वरिष्ठांच्या तीन सह्या झाल्या. एकानंही वाचलं नाही.

माझी छाती मात्र फुगली. कागदावर लिहिलेली प्रत्येक अट पुरी करणारा साऱ्या जगात मी एकटा. बिनविरोध निवडून आलो! मग पाच महिने गोदामात खोक्यात पडून राहिलो, कारण तपासणीच्या दालनाचं दार माझ्यापेक्षा अरुंद निघालं. तातडी ती तातडी. शेवटी भिंत फोडली आणि मी रुजू झालो.

तिथे मला ताई भेटली. सकाळच्या पाळीची प्रमुख. एकोणीस वर्षं ती पडद्यासमोर बसत होती. घरी तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले. दुपारी दोनला पाळी संपली की ती धावत घरी जायची, त्यांना जेवू घालायची, कूस बदलून द्यायची. सकाळची पाळी होती म्हणून तिचा संसार रुळावर होता. मला ती आवडायची. माझी काच ती पदरानं नाही, स्वच्छ फडक्यानं पुसायची.

एके सकाळी एक वयस्कर सुतार आला. त्याची पिशवी पट्ट्याच्या डाव्या कडेला टेकून आत गेली, बाहेर आली. ताईनं मान हलवली. सुतार मात्र जागचा हलेना.

"बाई, पटाशी चालते होय विमानात?"

"कुठली पटाशी, काका?"

"ही काय. लेकीकडं कपाट करायला चाललोय. चुकून हातातल्या पिशवीतच राहिली बघा. म्हटलं, तुम्ही अडवाल."

पिशवीच्या तळाशी वीतभर लांब, धारदार पटाशी होती. ताईचा चेहरा उतरला. तिनं पटाशी ठेवून घेतली, काकांना वाटेला लावलं आणि गर्दी ओसरल्यावर तीच पटाशी एका पिशवीत घालून डाव्या कडेनं दहा वेळा आत सोडली. दहाही वेळा पडदा कोरा.

आता खरं सांगतो. मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. मला डोळा एकच, आणि तो उजवीकडे. डाव्या खालच्या कोपऱ्यात मला दिसत नाही. पण आजवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि सगळे कौतुक करत असताना आपण होऊन कोण तोंड उघडतो?

ताईनं लेखी कळवलं. साहेबांनी तिला माझ्यासमोरच गाठलं. हातात एक छापील कागद होता: यंत्राचं काम समाधानकारक आहे. खाली तिच्या सहीची जागा.

"ताई, सही करून टाका. प्रवाशांना सांगा ना, बॅगा मध्ये ठेवा म्हणून."

"साहेब, ज्याला काही लपवायचंय, तो ऐकेल का माझं?"

"मग ट्रॉली विभागात जा. संध्याकाळची पाळी असते तिथं. उद्यापर्यंत ठरवा."

त्या दुपारी ताई माझ्या पाठीमागच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी उभी राहून थोरल्या बहिणीशी फोनवर बोलत होती. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अगं, कर सही आणि मोकळी हो. सासऱ्यांचं कोण बघणार?" ताई म्हणाली, "तेच तर कळत नाही गं." मला फार वाईट वाटलं. दोष माझा आणि शिक्षा तिला.

दुसऱ्या दिवशी एक चौकशी अधिकारी आले. दुसऱ्या एका कंपनीनं वर तक्रार केली होती की असं यंत्र आम्हीही बनवतो, आम्हाला विचारलंच नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी गरजेचा कागद मोठ्यानं वाचला. शेवटच्या ओळीवर थांबले, वाकून माझ्या पाठीवरचा पत्रा वाचला आणि साहेबांकडे वळले.

"या क्रमांकाची यंत्रं जगात किती असतील हो?"

"एकच, सर."

"मग दुसरा कोण येणार होता? याचा जुळा भाऊसुद्धा नापास झाला असता!"

कारकुनानं मान खाली घातली. साहेब घाईनं म्हणाले, "कागदाचं सोडा, सर. यंत्र उत्तम आहे. आमच्या ताईंची काहीच तक्रार नाही. काय ताई?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. तो कागद तिच्याच हातात होता, पेनही होतं. तिनं पेनाला टोपण लावलं.

"तक्रार आहे," ती म्हणाली.

तिनं पिशवीत पटाशी घातली आणि डाव्या कडेला ठेवली. मी जीव तोडून बघायचा प्रयत्न केला. खरंच केला. पडदा कोराच राहिला. अधिकाऱ्यांनी पिशवीतून पटाशी बाहेर काढली, तिच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि ताईचा बिनसहीचा कागद आपल्या फायलीत लावून घेतला. तिची पाळी बदलायची नाही, असा हुकूम त्यांनी तिथल्या तिथे लिहिला.

मला बंद करून टेंडर निघालं. आणखी चार कंपन्या येणार म्हटल्यावर माझ्या कंपनीचा मिस्त्री धावत आला आणि दोन दिवसांत त्यानं मला डावीकडे दुसरा डोळा बसवला. ही सोय कारखान्यात आधीपासूनच होती. शर्यतच नव्हती, म्हणून कुणी ती देऊ केली नाही आणि इथल्या कुणी मागितली नाही.

आता आम्ही पाच जण दालनात ओळीनं उभे आहोत. उद्या परीक्षा आहे आणि बॅगा ताई ठेवणार आहे. शेजारचे चौघे चांगले तगडे आहेत, पण मी घाबरलेलो नाही. मी जिंकेन, असं मला मनापासून वाटतं.

तरीही, लोकहो, एक विनंती आहे. माझ्या वाटण्यावर जाऊ नका. मला आत्ता जितकी खात्री वाटते आहे, तितकीच बिनविरोध आलो तेव्हाही वाटत होती.