आजाऱ्यांची यादी

"मागच्या रविवारीही यांचं नाव राहिलंच की गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, नुसतं केविलवाणेपण होतं. तिला ते ऐकायला फार बरं वाटलं.

"चिठ्ठ्या इकडेतिकडे होतात," टाइपरायटरवरून मान न उचलता ती म्हणाली.

"सलग चार रविवार?"

"पाचव्यालाही होतील. सांगता येत नाही."

आठवडाभर ती पाणीपुरवठा खात्यात कारकुनी करायची आणि शनिवारी दुपारी चर्चच्या कचेरीत बसून आजाऱ्यांची यादी टाइप करायची. लोक चिठ्ठ्या आणून देत. रविवारी उपासनेत ती उभी राहून यादी वाची: बेकरीवाल्याची आई, गुडघा. पोस्टमनची धाकटी, ताप. मग अख्खी मंडळी डोकी खाली घालून त्यांच्यासाठी प्रार्थना करी. हे काम तिने दोन वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, स्वतःहून मागून घेतलं होतं. पाळकांना वाटलं, पोरीने दुःखाचं सोनं केलं. ती मात्र वाट बघत होती. माणूस आज ना उद्या आजारी पडतोच.

आणि डॉक्टर, बाईंचे यजमान, पडले. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. त्यांच्या नावाच्या चारही चिठ्ठ्या तिच्या खणात होत्या, नीट घडी घालून. फाडून टाकल्या असत्या तर राग एका दमात संपला असता.

आई त्यांच्याच हाताखाली एकतीस वर्षं नर्स होती. एकदा वॉर्डातून तिने फोन केला, डॉक्टरांनी इंजेक्शन किती द्यायचं ते सांगितलं, तिने दिलं, आणि रोगी तासाभरात गेला. आई म्हणाली, साहेब दहा म्हणाले. डॉक्टर म्हणाले, मी दोन म्हटलं होतं. फोनवरच्या शब्दाला साक्षीदार कुठून आणायचा? आई घरी बसली. सहा महिन्यांनी यकृतात गाठ निघाली, तेव्हा तिनेही अशीच चिठ्ठी दिली होती. डॉक्टर चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे पंचांपैकी एक, होते. पंचांच्या बैठकीत ते म्हणाले, "चौकशी पूर्ण होईपर्यंत हे नाव नको. लोकांचा गैरसमज होईल." अकरा रविवार यादी आईच्या नावाशिवाय वाचली गेली. चौकशी संपली नाही. आई संपली.

त्या अकरा आठवड्यांत घरी कुणी फिरकलं नाही. एका दुपारी न राहवून ती आईवरच कडाडली होती, "कुठाय गं तुझा देव? एक नाव वाचून घेता येईना त्याला!"

"हळू बोल. इथेच बसलाय तो."

"कुठे?"

"त्या स्टुलावर. तू मेली सारखी फणकाऱ्याने ये-जा करतेस नि त्याचे पाय तुडवतेस."

आई हसली, आणि हसल्यामुळे पोटात कळ येऊन वाकडी झाली. मुलीने स्टुलाकडे पाहिलं. स्टुलावर ओकारीचं तसराळं होतं, दुसरं काही नव्हतं.

"मी यांना म्हटलं, आता पाळकांच्याच कानावर घालते," डॉक्टरीणबाई पर्स उघडत सांगत होत्या. "तर हे नकोनको म्हणून मानच हलवायला लागले. मग डाव्या हाताने अर्धा तास हे लिहीत बसले. तुला द्यायला सांगितलंय. मला मेलीला काही अर्थ लागत नाही."

कागदावर शाळेत न गेलेल्या हाताने काढावीत तशी अक्षरं होती. 'मी दहा म्हणालो होतो. सर्वांसमोर वाच.'

तिने ते दोनदा वाचलं. कानशिलं तापली. जन्मभर आईला हुकूम सोडले, आता मला. न वाचावं तर आईवरचा डाग तसाच राहतो. वाचावं तर हा मोकळा होतो. सूडसुद्धा या माणसाच्या परवानगीने घ्यायचा!

"दहा काय गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उद्या कळेल," ती म्हणाली. "पुढच्या बाकावर बसा. नीट ऐकू येतं."

रविवारी तिने यादी नेहमीच्या सपाट आवाजात वाचली. बेकरीवाल्याची आई, पोस्टमनची धाकटी, आणि शेवटी डॉक्टर. चाकांच्या खुर्चीतली मान हलली.

"त्यांनी एक चिठ्ठी दिली आहे," ती म्हणाली, आणि वाचली. मग कागदावर नसलेलंही बोलली. "माझ्या आईला दहा सांगितलं होतं. तिने दहा दिलं. तिचं नाव या यादीत यांनीच येऊ दिलं नाही, आणि तुम्ही सगळ्यांनी ते चालवून घेतलं."

पाळकांनी प्रार्थना कशीबशी गुंडाळली.

एरवी उपासना सुटली की डॉक्टरांशी हात मिळवायला झुंबड उडायची. आज माणसं बाजूच्या दाराने निघून गेली. डॉक्टरीणबाई पर्स छातीशी धरून उठल्या, नवऱ्याकडे न बघता बाहेर गेल्या. बाकांच्या मधोमध खुर्ची तेवढी उरली.

हेच तर तिला हवं होतं. दोन वर्षं तिने हे मनात घोळवलं होतं, आणि दर वेळी त्यात शेवटी ती त्यांच्या शेजारून ताठ मानेने निघून जायची.

ती निघाली. खुर्चीपाशी आली. डॉक्टर तिच्याकडेच बघत होते. तोंड एका बाजूला ओघळलेलं, लाळ हनुवटीवरून कॉलरमध्ये उतरत होती, आणि डावा हात ती पुसायला वर येऊन अर्ध्यातच थरथरत थांबला होता. सगळे बाक रिकामे. अकरा आठवडे घर असंच होतं.

तिने पदराचं टोक घेतलं आणि त्यांची हनुवटी पुसली. जोरातच पुसली, शेंबड्या मुलाचं तोंड पुसावं तशी. कातडी लाल झाली. त्यांनी काही बोलायचा प्रयत्न केला, नुसता घसा वाजला.

"बोलू नका," ती म्हणाली. "मी माफबिफ केलेलं नाही."

लाळ पुन्हा उतरली. ती पुढच्या बाकाच्या कडेला टेकली, आणि डॉक्टरीणबाई परत येईपर्यंत पुसत राहिली.