महामायाच्या टेबलावरचा दुसरा स्क्रीन

मित्रांनो, मी सतरा इंची, चौकोनी आणि मुळातच भित्रा मॉनिटर आहे. कारखान्यातून खोक्यात बसून निघालो तेव्हा घाबरलो होतो. आजही भीती पुरती गेलेली नाही.

माझी पहिली दहा वर्षे अर्धापूरला गुरुपादप्पा सरांच्या कम्प्युटर क्लासमध्ये गेली. सर रोज सकाळी खिशातल्या रुमालाने माझी काच पुसत. किती मुले माझ्यासमोर बसून स्वतःचे नाव मराठीत टाइप करायला शिकली! मग प्रत्येकाच्या हाती मोबाइल आले आणि क्लास ओस पडला. एके दिवशी भंगारवाला आला. त्याने माझ्या शेजारचे तीन जाडजूड मॉनिटर अंगणात नेले आणि तांब्याच्या तारेसाठी हातोड्याने फोडले. ते आवाज मी ऐकले. चौथा नंबर माझा होता.

तेवढ्यात सरांची जुनी विद्यार्थिनी महामाया आली. ती नांदेडला इंजिनिअरिंग शिकत होती आणि गेम खेळण्यासाठी सुटे भाग जमवून स्वतः कम्प्युटर जोडत होती.

"सर, हा चालू हाय का? मला दुसरा स्क्रीन पाहिजे."

"चालू हाय, पण तापला की डोळे मिटतो," सर म्हणाले. "ने माय. फुटण्यापेक्षा तुझ्याकडं राहू दे."

नांदेडच्या खोलीत माझ्या शेजारी सत्तावीस इंची, वाकदार, नवाकोरा स्क्रीन होता. उंची जुळावी म्हणून महामायाने माझ्याखाली दोन जाड पुस्तके ठेवली, तरी आमचे काही जुळले नाही. त्याच्यावरचा निळा रंग माझ्यावर मळकट दिसे. गेम त्याच्यावर चाले. माझ्यावर घरच्या कॅमेऱ्याचे चित्र असे.

घर म्हणजे अर्धापूरची एकच मोठी खोली. कोपऱ्यात गॅस, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि दिवसभर एकटी असणारी आज्जी नागुबाई. महामायाची आई केळीच्या बागेत कामाला जाई. आज्जी मागे एकदा घसरून पडली होती, म्हणून महामायाने तो कॅमेरा बसवला होता.

तो रविवार मी विसरणार नाही. दुपारी दोनला मोठ्या स्पर्धेची उपांत्य फेरी होती. महामायाच्याच संघातली तिची मैत्रीण आरती आपला लॅपटॉप घेऊन शेजारी बसली होती.

"हे डबडं काढून टाक गं," आरती म्हणाली. "खेळता खेळता माऊसचा बाण तिकडं पळतो. आज हरवशील आपल्याला."

"आजच्या दिस राहू दे. आज्जी एकटीच हाय. उद्या काढते."

उद्या! मला पुन्हा तो हातोडा ऐकू येऊ लागला.

खेळ सुरू झाला. दोघींच्या कानांवर हेडफोन होते. मी आज्जीला पाहत होतो. तिने गॅसवर दूध ठेवले, फडके घ्यायला वळली, तिचा पाय लुगड्यात अडकला आणि ती कुशीवर पडली. तिने उठायचा प्रयत्न केला. उठता येईना. तिचे तोंड उघडले, पण हेडफोनमध्ये फक्त गेमचा गोंगाट होता.

मग दूध वर आले. भांड्यावरून उतू जाऊन बर्नरवर सांडले आणि निळी ज्योत विझली.

मित्रांनो, ज्योत विझली पण गॅस चालूच होता! हे सारे माझ्या काचेवर दिसत होते, आणि बघणारे कोणीच नव्हते. भीतीने म्हणा की उकाड्याने म्हणा, मी तापलो. माझा प्रकाश थरथरू लागला. आता मी विझलो तर? मला ना हात, ना आवाज. जन्मात एवढा कधी घाबरलो नव्हतो.

तेवढ्यात महामायाने गेममधला नकाशा उघडला. बाण नव्या स्क्रीनच्या कडेवरून निसटला आणि माझ्यावर आला. तिने बटण दाबले, तशी गेमची खिडकीच मिटली.

"मेलीस का? हल ना!" आरती ओरडली.

महामाया बाण शोधत माझ्याकडे वळली आणि तिला पडलेली आज्जी, उतू गेलेले दूध आणि विझलेला बर्नर दिसला. तिने हेडफोन फेकले. कॅमेऱ्यातून बोलता येत असे. तिने बोलायचे बटण दाबले.

"आज्जी! हलू नको! मी महामाया!"

"दूध गेलं गं सगळं," आज्जी कण्हली.

"जाऊ दे दूध! पदर नाकाला लाव!"

दुसऱ्या हाताने तिने मोबाइलवर आज्जीच्या शेजारी राहणाऱ्या शेषेरावकाकांना गाठले. "काका, आज्जी पडलीय, घरात गॅस भरायलाय! काडी ओढू नका, लाईटच्या बटणाला हात लावू नका. आधी दार तोडा!"

आरतीनेही हेडफोन काढले होते. ती महामायाचा दंड घट्ट धरून उभी होती. तिघे मिळून आम्ही त्या बंद दाराकडे पाहत राहिलो. आज्जीची हालचाल मंदावली. माझा प्रकाश पुन्हा थरथरला. थांब, एवढ्यात नको, मी स्वतःला विनवत होतो.

दार हलले. दुसऱ्या धक्क्याला कडी तुटली. शेषेराव नाकाला गमछा बांधून आत आले. त्यांनी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि आज्जीला उचलून बाहेर अंगणात नेले. खोली रिकामी झाली आणि त्यानंतरच मी विझलो.

संघ हरला. आरतीने त्याचा उल्लेखही केला नाही. ती महामायाबरोबर थेट दवाखान्यात गेली. आज्जीच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. आता ती वॉकर धरून अंगणापर्यंत येते. दुपारी शेषेरावांच्या घरचे कोणीतरी तिच्याजवळ बसते.

मला कोणी काढले नाही. पण मित्रांनो, मी काही शौर्य केले नाही. बाण चुकून आला. तो आला नसता तर? हा विचार आला की आजही माझी काच गार पडते. म्हणून सांगतो, आपले माणूस चौकटीत दिसते आहे, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महामाया आता दर तासाला आज्जीला फोन करते आणि विचारते, "काय करायलीस?" तुम्हीही विचारा. मी दाखवू शकतो. हाक तुम्हालाच मारावी लागते.